एकदाच बुडवायचं

आमच्या दुकानात तोकुसानची जागा ठरलेली होती. काउंटरच्या डाव्या टोकाला, भिंतीला खांदा टेकता येईल असं स्टूल. तिथून दार दिसे आणि सॉसचं भांडंही हाताशी असे. दारातून नवं माणूस आत आलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. पाय ओढत आला तर पर्यटक, असा त्यांचा हिशेब.

"आपल्या वस्तीतला माणूस दमला की बसतो," ते म्हणत. "फिरायला आलेला माणूस दमला तरी चालतच राहतो. मनोरा बघतो, बोळ बघतो, परत मनोरा बघतो, आणि मग इथे येऊन कोसळतो."

दुकान ओसाकाच्या शिनसेकाई वस्तीतलं, मनोऱ्याच्या दक्षिणेच्या बोळातलं. आम्ही कुशिकात्सु विकतो. काडीला टोचलेलं गोमांस, कांदा, कमळकाकडी, लाव्याचं अंडं, लाल आलं, जे असेल ते पिठात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचं आणि गरम गरम पुढ्यात ठेवायचं. कढई माझ्याकडे होती आणि काउंटर आईकडे. आईचं मनगट दुखायला लागल्यावर कढई मी घेतली, पण दुकान अजून तिचंच होतं. लोक माझ्याकडे बघून काड्या मागत आणि तिच्याकडे बघून नीट बसत.

सॉसचं भांडं सगळ्यांत एक. पत्र्याचं, पसरट, पातळ काळसर सॉसने काठोकाठ भरलेलं. तळलेली काडी त्यात एकदाच बुडवायची, हवी तेवढी खोल, आणि मग खायची. तोंड लागलेली, उष्टी काडी पुन्हा त्यात जाता कामा नये. सॉस कमी पडला तर समोरच्या वाडग्यातलं कोबीचं पान घ्यायचं, त्याने सॉस उचलायचा आणि काडीवर सोडायचा. नियम एवढाच. भिंतीवर तो कितीतरी भाषांत लिहून लावला होता आणि कोणत्याही भाषेतला माणूस तो वाचत नसे.

"म्हणून तर मी आहे," तोकुसान म्हणत.

जवळपास बसलेल्या परदेशी माणसाने पहिली काडी बुडवली की ते मान डोलवत. त्याने घास घेतला की बिअरचा ग्लास खाली ठेवत. आणि उरलेली अर्धी काडी भांड्याकडे निघाली की ओरडत, "एकदाच!"

तो आवाज कोळशाच्या खाणीत घडलेला होता. काउंटरवरचे सगळे दचकत. परदेशी माणसाची काडी हवेत थांबे. मग तोकुसान हसत, एक बोट वर करत, हवेतली काडी हवेत चावून दाखवत, ती भांड्याकडे नेत आणि डाव्या हाताने आपल्याच उजव्या मनगटावर चापट मारत. मग कोबीचं एक मोठं पान निवडून त्या माणसाच्या हातात देत. घाबरलेला माणूस हसायला लागे. थोड्या वेळाने दोघं एकमेकांचे फोटो काढत असत आणि तोकुसान काउंटरवर बोटाने नागमोडी रेघ ओढून विचारत असत, तुमच्या गावात नदी आहे का? कोणत्या देशाचे, असं ते कधी विचारत नसत. नदी आहे का, हे मात्र सगळ्यांना विचारत. लोक लगेच फोन काढून आपापली नदी दाखवत. तोकुसान चष्मा कपाळावर चढवून ती नीट बघत आणि म्हणत, "रुंद आहे," किंवा "पाणी स्वच्छ आहे हो."

त्यांच्या शेजारच्या स्टुलावर मिझोबेसान असत. आयुष्यभर टॅक्सी चालवून निवृत्त झालेले.

"तोकु, या पोलिसगिरीचा पगार किती देते रे ताई तुला?"

"पगार नाही. कोबी फुकट."

"कोबी सगळ्यांनाच फुकट आहे."

"मग सगळेच पोलीस. तू तेवढा ड्यूटीवर झोपतोस."

आई या भांडणात पडत नसे. ती फक्त दोघांच्या मधला वाडगा कोबीने भरून जाई.

तोकुसानबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते तुकड्यातुकड्यांनी. पूर्ण नाव हिराओका तोकुजी. क्यूशूतल्या खाणी बंद पडल्यावर तरुणपणी ओसाकाला आले, त्या वेळी इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं आणि माणसं कमी पडत होती. पहाटे रांगेत उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्याने ट्रकमध्ये चढायचं. पूल, बोगदे, भुयारी रेल्वे. लग्न झालं नाही, किंवा झालं आणि टिकलं नाही. याबद्दल मिझोबेसान विचारत आणि तोकुसान दर वेळी वेगळं उत्तर देत. राहायला रेल्वेपलीकडच्या लॉजमध्ये एक खोली. पूर्वी ते लॉज रोजंदारीवरच्या माणसांनी भरलेलं असे. एकेक जण गेला, आणि मालकाने भिंती पांढऱ्या करून, इंग्रजी पाटी लावून पाठीवर बोचकी घेतलेल्या पोरापोरींना खोल्या द्यायला सुरुवात केली. तोकुसान राहिले. जिन्यात कुणी बॅग ओढताना दिसलं की ते एका बाजूने धरत. खोली झोपण्यापुरती होती. दुकान उघडल्यापासून पुढचा त्यांचा दिवस आमच्याकडे जाई, आणि रविवारी दुकान बंद असलं तर सोमवारी ते थोडे रुसलेले असत.

त्या उन्हाळ्यात ते एकाच माणसाला नदीबद्दल दोनदा विचारू लागले. टोपी विसरून जाऊ लागले. एकदा दुकानातून बाहेर पडून उजवीकडे वळायचं ते डावीकडे गेले आणि बऱ्याच वेळाने पुन्हा दारासमोरून जाताना दिसले, ताठ मानेने, मुद्दामच फेरफटका मारत असल्यासारखे. आई टोपी खुंटीला लावून ठेवी.

ऑक्टोबरात यूप आला. हॉलंडचा, तिशीतला, दारातून वाकून आत यावं लागणारा. आदल्या वर्षी तोकुसान त्याच्यावर इतक्या जोराने ओरडले होते की त्याच्या हातातून काडीच सुटून भांड्यात पडली होती. आता तो आईला घेऊन आला होता. पाठ केलेलं एक वाक्य त्याने दारातच म्हणून टाकलं, "ही माझी आई, हिला माझे गुरुजी दाखवायला आणलंय."

मिझोबेसान हसून हसून खोकायला लागले. "गुरुजी! तोकु, ऊठ, मास्तर झालास!"

तोकुसान उठले, बसले, पुन्हा उठले. यूपने फोनमधला जुना फोटो सगळ्यांना दाखवला, मधोमध कोबीचं पान. मग त्याने स्वतःच आईला धडा दिला. एक बोट वर, हवेतला घास, मनगटावर चापट. त्याची आई रुपेरी केसांची, गुबगुबीत, हसताना डोळे पूर्ण मिटणारी बाई होती. तिने काडी बुडवली, खाल्ली आणि उरलेला तुकडा अगदी दूर, छातीशी धरून बसली, चुकून भांड्याला लागू नये म्हणून. तोकुसानना ते इतकं आवडलं की त्यांनी मला हाक मारली.

"चिनात्सु! पोरी, यांना लाल आलं दे. माझ्यातर्फे. मलाही दे."

मी लाल आलं तळून दिलं. तोकुसाननी काडी बुडवली, अर्धी खाल्ली. यूपच्या आईने तिच्या गावची नदी दाखवली, तिच्यावर होड्या होत्या आणि काठाने सायकली. तोकुसान एका हाताने काउंटरवर आपल्या गावची नदी काढत होते, ती कुठे वळते ते सांगत होते, आणि सांगता सांगता दुसऱ्या हातातली अर्धी काडी त्यांनी भांड्यात बुडवली. पुरती, सावकाश. मग उचलून खाल्ली.

कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज येत होता.

यूपचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने माझ्या आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. माझी आई म्हणजे जिने वस्तीच्या नगरसेवकाच्या हातून काडी काढून घेतली होती, लग्नाच्या पोशाखात फोटो काढायला आलेल्या नवरीलाही सोडलं नव्हतं. आईने फडकं घेतलं आणि कोरडं काउंटर पुसलं. मग भांडं उचललं.

"सॉस कमी झाला होता," ती कुणाकडेच न बघता म्हणाली, आणि आतून नवं भांडं आणून ठेवलं.

उचललेलं भांडं जवळजवळ भरलेलं होतं. तोकुसाननी ते आत जाताना पाहिलं. मग हातातल्या काडीकडे पाहिलं. तिच्या टोकावरून सॉस ठिबकत होता. त्यांनी ती काडी हळूच रिकाम्या काड्यांच्या डब्यात ठेवली, ग्लास संपवला, यूपच्या आईला वाकून नमस्कार केला आणि गेले. त्या बाईला वाटलं, त्यांना काही काम आठवलं असेल. तिने हात हलवला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. आई ते स्टूल कुणाला देत नसे. "तिथे माणूस आहे," ती सांगे, आणि गर्दीच्या वेळी उभं राहावं लागणारे लोक त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहत. दोन जर्मन मुली एका दुपारी उष्ट्या काड्या बुडवायला निघाल्या तेव्हा आई ओरडली खरी, पण त्या रडवेल्या झाल्या. ओरडल्यानंतर पान द्यायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नाही. ते काम कधी तिचं नव्हतंच.

शेवटी मिझोबेसान बोलले.

"ताई, त्या दिवशी तू ओरडली का नाहीस?"

"वय झालंय त्यांचं. आणि पाहुण्यांसमोर कसं..."

"पाहुण्यांसमोर! अगं, पाहुण्यांवरच तर ओरडतो आपण. विमानाचं भाडं भरून आलेल्या माणसाला सोडत नाही. आणि तोकुला तू फडक्याने पुसून टाकलंस."

"तुम्ही तरी कुठे ओरडलात?"

"मी भित्रा आहे. सगळ्या बोळाला माहीत आहे. तू कधीपासून झालीस?"

आई कांदा चिरत होती. कांदा चिरून झाला, सुरी धुऊन झाली. मग ती म्हणाली, "चिनात्सु, गॅस बंद कर." काउंटरवर बसलेल्यांना तिने सांगितलं, "खा तुम्ही, आलेच. मिझोबेसान, भांड्यावर लक्ष ठेवा. झोपायचं नाही."

अंगावरचा एप्रन न सोडताच ती निघाली आणि मी तिच्या मागे. रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत ती स्वतःशीच ओठ हलवत होती. मला वाटलं, माफी कशी मागायची ते जुळवत असेल.

लॉजच्या खालच्या खोलीत बोचकी रचलेली होती. चार-पाच पोरंपोरी फोनमध्ये डोकं घालून बसली होती, एक मुलगी उभ्यानेच टोस्ट खात होती. कोपऱ्यातल्या बाकावर तोकुसान होते. बूट घातलेले, केस विंचरलेले, कुठेतरी निघायच्या तयारीत आणि कुठेही न निघालेले.

आई दारात थांबली, श्वास घेतला आणि ओरडली, "एकदाच!"

टोस्ट जमिनीवर पडला.

"उष्टी काडी भांड्यात घालता? या वयात? भरलेलं भांडं फेकावं लागलं मला! चांगला सकाळचा सॉस होता! भिंतीवर लिहिलेलं दिसत नाही? शरम नाही वाटत?"

पोरापोरींना एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळी ताठ बसली. तोकुसान उठले. हात मांड्यांशी नेऊन ते कमरेतून वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले.

"चुकलं, मालकीणबाई. माफ करा."

वर आले तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला होता. "उशीर केलात," ते म्हणाले.

"गर्दी होती," आई म्हणाली, आणि एप्रनच्या खिशातून गोळी काढून त्या टोस्टवाल्या मुलीच्या हातात ठेवली. "घे गं बाई. दचकलीस ना." दुसरी गोळी तिने तोकुसानना दिली, तिसरी स्वतः तोंडात टाकली आणि बाकावर बसली.

"मी या शहरात उतरलो ना," तोकुसान गोळीचा कागद सरळ करत म्हणाले, "तेव्हा कितीतरी दिवस माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. मुकादम बोट दाखवायचा. खानावळीतली बाई ताट सरकवायची. मग एक दिवस तुमच्या बोळात शिरलो आणि उष्टी काडी बुडवली. अख्खं दुकान ओरडलं माझ्यावर! मला वाटलं, मारतात आता. तर शेजारच्याने कोबीचं पान पुढे केलं आणि विचारलं, कुठला रे तू? खाण बंद पडलेल्या गावाचं नाव सांगायची लाज वाटली मला. मी नदीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, कशी आहे? मी म्हणालो, काळी. कोळसा धुतात ना तिच्यात. तो म्हणाला, मग आमचा सॉस आवडेल तुला."

आई हसली. तेही हसले. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सगळे गप्प बसलात, आणि मला वाटलं, मी पुन्हा स्टेशनवर उतरलोय."

आईने तोंडातली गोळी गालात सारली. "उद्या या," ती म्हणाली.

"परत होईल. डॉक्टर म्हणाले, होत राहील. वाढेल."

"मी परत ओरडेन."

"आणि दर वेळी भांडं फेकाल?"

"सॉस माझा, भांडं माझं. तुमचं काय जातं?"

"नाही." हे त्यांनी इतक्या ठामपणे म्हटलं की टोस्टवाल्या मुलीने वळून पाहिलं. "उष्टं ते उष्टं. माझ्यासाठी भांडी फेकायला लागलात तर मी लोकांना काय तोंडाने शिकवू? त्यापेक्षा मी येणार नाही."

"तुम्हाला वेगळी वाटी देते मग."

तोकुसाननी तिच्याकडे असं पाहिलं की आईने लगेच मान खाली घातली.

"वाटी लहान बाळाला देतात," ते म्हणाले.

 मला परत जायची घाई होती, तेलाची काळजी होती, आणि मी नुसतं तोंडाला आलं ते बोलून गेले, "पण तुम्ही काडी वरच्या वर पकडता की. भांड्यात जायच्या आधी. यूपची पडली ती सोडली, तर आजवर जवळ बसलेल्या कुणाची एक काडी आत गेली नाही."

"मी शुद्धीवर असतो म्हणून."

"मग शेजाऱ्यानं शुद्धीवर असायला हवं, एवढंच ना?"

"मिझोबे?" तोकुसान म्हणाले. "तो दुसऱ्या घासाला घोरतो."

"मग रोजचा नवा माणूस बसेल तुमच्या शेजारी," आई म्हणाली. "मिझोबेसानना सरकवू एक स्टूल पलीकडे. आरडाओरडा लांब गेला की त्यांची झोपही नीट लागेल."

तोकुसाननी कागदाची घडी खिशात घातली आणि ते आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.  तिथे त्यांनी विचारलं, "टोपी तुमच्याकडेच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ते बाहेरच उभे होते. मिझोबेसानना एक स्टूल पलीकडे जावं लागलं आणि त्यावरून बरंच भांडण झालं. दुपारी तैवानची एक बाई आली, एकटी, शाळेत शिकवणारी असावी अशी, पर्स मांडीवर धरून बसणारी. रिकामं स्टूल तेच होतं. तिने पहिली काडी बुडवली, घास घेतला, अर्धी काडी भांड्याकडे निघाली, आणि तोकुसान ओरडले. काडी हवेत थांबली. बोट, घास, चापट, कोबीचं पान, सगळं रीतसर झालं. बाई लाजून हसली.

पण त्या दिवशी धडा तिथे संपला नाही. तोकुसाननी स्वतःकडे बोट दाखवलं. आपली काडी घेतली, हवेत चावली, भांड्याकडे नेली. मग बाईचा हात धरून तो आपल्या मनगटावर ठेवला.

"माझ्यावर," ते म्हणाले. "तुम्ही. ओरडा."

बाईला कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. वडिलांच्या वयाच्या माणसावर ओरडायचं? ती मान हलवत राहिली.

"बाई, खुशाल ओरडा," मिझोबेसान पलीकडून म्हणाले. "याला सवय आहे. नाही ओरडलात तर रुसतो."

"एक-दाच," बाई पुटपुटली.

"खाणीत खालपर्यंत ऐकू गेलं पाहिजे," तोकुसान म्हणाले आणि कानामागे हात धरला.

तिने पुन्हा म्हटलं. थोडं मोठ्याने. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले आणि खरोखरच ओरडली, आणि दारातून आत येणारे दोघं जण तसेच उलटे बाहेर गेले. मिझोबेसाननी टाळ्या वाजवल्या. बाई लाल झाली, पण तिने पर्स मांडीवरून काढून स्टुलाखालच्या टोपलीत ठेवली आणि आणखी काड्या मागवल्या.

मग नदीची गोष्ट निघाली. तिच्या गावच्या नदीवर झुलता पूल होता, आणि तोकुसाननी असे पूल बांधलेले होते. तार कशी ओढतात ते ते दोन्ही हातांनी दाखवू लागले, एका हातात लाव्याच्या अंड्याची काडी, एक अंडं खाल्लेलं, एक उरलेलं. तार ओढता ओढता तो हात भांड्यावर आला आणि खाली गेला.

मी झारा धरून तशीच उभी राहिले. आईच्या हातात फडकं होतं. ते तिने खाली ठेवलं.

बाई ओरडली नाही. तिने झटकन दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. काडी सॉसच्या वर, बोटभर अंतरावर थांबली. मग काहीतरी राहून गेल्याचं आठवल्यासारखी ती अगदी हळू म्हणाली, "एकदाच."

तोकुसान काडीकडे बघत राहिले. ते कुठे निघाले होते, हे त्यांना हळूहळू कळत गेलेलं मला कढईपासून दिसत होतं.

"आवाज आला नाही!" आई काउंटरच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली.

"मला आला," तोकुसान म्हणाले, आणि मोकळ्या हाताने कोबीचं पान उचललं.